कारण सोळा

कुरखेड्याच्या दवाखान्यात, लसींच्या फ्रिजमागे
एक काळी खिडकी आहे. तिला गज नाहीत.
तिच्यात मी आज्ञा लिहिते, पांढऱ्या अक्षरांत.
एक अक्षर चुकलं की ओळ उलटून येते:
असला शब्द मला ठाऊक नाही.
बरोबर लिहिलं तर पुष्कळदा काहीच म्हणत नाही.
मला वर्ष लागलं कळायला,
हिचं गप्प राहणं म्हणजे हाव.

नन्नावरे काका वडशाच्या एक्सचेंजला होते,
दोऱ्या खुपसून माणसं जोडायचे.
अजूनही येतात, खुर्चीमागे उभे राहतात.
"कानाले काही लावत नाही तू?"
नाही काका. इथं आवाज फक्त दिसतो.
"मंग कोन रडून रायलं, कसं समजते?"
नाही समजत.
"बरं हाय," म्हणाले,
आणि चहा आहे का विचारलं.

रात्री अकराला मी हाक मारते, कोण कोण जागं आहे?
यादी खाली उतरते.
मालेवाडा, आहे.
पुराडा, आहे.
बेतकाठी, आहे, एकशे ऐंशी मिलिसेकंद लांब.
कोटगूल, पोहोचत नाही.
ते तर बसच्या कंडक्टरलाही माहीत आहे.

गडचिरोलीकडे जायला आमच्या चारच वाटा.
दिवसा डॉक्टर चेहरा मागतात,
आणि चेहरा चौकोन चौकोन होऊन येतो,
हनुवटी आधी, डोळे मागाहून.
मग मी एक ओळ लिहून चित्र काढून घेते,
आवाज राहू देते.
चेहऱ्याला रस्ता फार लागतो.

चैत्रातली रात्र. दोन वाजून दहा.
चालू कॉल किती, विचारलं. एक.
बेतकाठी ते स्त्री रुग्णालय, वॉर्ड तीन.
वेळ: चार तास सहा मिनिटं.
चार तास कोण बोलतं?
अडकला असेल. अडकतात असे,
दोन्हीकडची माणसं उठून जातात
आणि वाट तशीच उघडी राहते.
सकाळी सातला राऊंड, तेव्हा चारही वाटा हव्यात.
तोडायची आज्ञा लिहिली,
वाहिनीचं ते लांबलचक नाव, शेपटीला आकडे,
एंटर तेवढा बाकी.

काय वाटलं कोण जाणे, आधी मोजणी मागवली.
सेकंदाला पन्नास तुकडे जात होते,
पन्नास येत होते.
मेलेल्या वाटेवर असं चालत नाही कुणी.
आवाज असो नसो, ही यंत्रं
गप्प बसण्याचेही तुकडे करतात,
नंबर टाकतात, रांगेनं पाठवतात,
आणि पलीकडे कुणीतरी ते परत जुळवतं.
मी बॅकस्पेस दाबत राहिले,
आकड्यांपासून नावापर्यंत,
पार पहिल्या अक्षरापर्यंत.

पाच एक्केचाळीसला कॉल संपला.
खिडकीनं कारण लिहिलं: सोळा.
सोळा म्हणजे सगळं ठीक, कुणीतरी आपणहून ठेवला.
एवढंच कळतं मला.

शनिवारी बेतकाठीचा शिपाई दुधराम चार्जर बदलायला आला.
उगाच रेंगाळला, मग म्हणाला,
"मॅडम, त्या दिशी लय वेळ लाइन चालू होती. बिल त नाही येनार जी?"
आतल्या आत असतं, बिल नाही. पण बोलत काय होतात?
"बोललोच नाही.
बायको तिकडं, पोरगं काचेच्या पेटीत.
तिले झोप येत नव्हती. म्हने यंदा मोह कोन वेचते?
मंग फोन झाडाखाली ठेवला अंगणात.
पडत रायते न ते रातभर, टप टप.
ते आयकत होती."
आणि तुम्ही?
"मी तिचं आयकत होतो. झोपली का नाही."

गेला. फ्रिजवर कागदाची पुडी ठेवून गेला,
खोलीभर तो गोडसर, जड वास.
संध्याकाळी नन्नावरे काका दारातच थांबले,
नाक वर करून म्हणाले,
"हे कोनत्या लाइनीवरून आलं व?"